विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान: या विषयात प्राध्यापक-संशोधक व्हायचे असेल तर

विज्ञानाचा इतिहास आणि विज्ञानाचे तत्त्वज्ञान एकत्र शिकवणारे स्वतंत्र विभाग जगभरात मोजकेच आहेत. केंब्रिज, पिट्सबर्ग, ब्लूमिंग्टनचे इंडियाना विद्यापीठ, टोरांटो, सिडनी ही त्यांतली ठळक नावे. बर्लिनमध्ये विज्ञानाच्या इतिहासाला वाहिलेली माक्स प्लांक संस्था १९९४ पासून आहे, पण ती संशोधन संस्था आहे, विद्यापीठ नव्हे. या ठिकाणांच्या बाहेर या विषयातली माणसे इतिहास विभागात, तत्त्वज्ञान विभागात, विज्ञान आणि समाज यांचा अभ्यास करणाऱ्या केंद्रांत, वैद्यकीय महाविद्यालयांत आणि संग्रहालयांत विखुरलेली असतात.

ही वस्तुस्थिती सगळ्यात आधी समजून घ्यायला हवी, कारण पुढचे जवळपास सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. शिक्षण जोडविषयात मिळते, नोकरी मात्र बहुतेकदा एकाच बाजूच्या विभागाकडे मागावी लागते. इतिहास विभागाची निवड समिती तुमच्यात इतिहासकार शोधणार आणि तत्त्वज्ञान विभागाची तत्त्वज्ञ. त्यामुळे दोन्ही विषयांवर सारखेच प्रेम असले, तरी एका विषयातले कसब असे कमवावे लागते की त्या विभागाने बिनदिक्कत आपला माणूस म्हणावे. माझ्या मते या करिअरची निम्मी आखणी इथेच होते.

पहिली पायरी: प्रश्न

‘मला विज्ञानाच्या इतिहासात रस आहे’ एवढ्यावर कुणी पीएचडीला घेत नाही, आणि घेऊही नये. रस अनेकांना असतो. हवा असतो तो प्रश्न, आणि तोही असा की त्याचे उत्तर कागदपत्रांत शोधता येईल आणि ते मिळाल्यावर विज्ञानाबद्दलची आपली समज थोडी तरी हलेल.

एक उदाहरण जवळून पाहू. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात, सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वळतो हे मोजायला दोन तुकड्या गेल्या होत्या. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेला, तर ग्रीनिच वेधशाळेची माणसे ब्राझीलमधल्या सोब्रालला. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार प्रकाश १.७५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वळायला हवा होता, न्यूटनच्या गणिताने त्याच्या निम्मा, सुमारे ०.८७. सोब्रालच्या चार इंची दुर्बिणीने १.९८ हा आकडा दिला, प्रिन्सिपेच्या प्लेट्सनी (छायाचित्रांच्या काचांनी) १.६१. पण सोब्रालच्याच दुसऱ्या दुर्बिणीच्या प्लेट्सवरून ०.९३ निघत होते, म्हणजे कौल न्यूटनच्या बाजूने. त्या प्लेट्सवरच्या ताऱ्यांच्या प्रतिमा धूसर होत्या. उन्हाने आरसा तापून फोकस बिघडला असावा, असा निष्कर्ष काढला गेला आणि अंतिम निकालात त्या आकड्याला जवळपास वजन दिले गेले नाही.

आता इतिहासकाराचे प्रश्न बघा. हा निर्णय कुणी घेतला? कधी, आकडा निघण्याआधी की नंतर? फोकस बिघडल्याची नोंद जागेवरच, त्याच दिवसांत झाली होती का? लोकप्रिय कथेत सगळे एडिंग्टनच्या माथी मारले जाते, कारण सापेक्षतावादावर त्याचा विश्वास होता. प्रत्यक्षात सोब्रालच्या प्लेट्सचे काम ग्रीनिचमध्ये, वेधशाळेचा प्रमुख फ्रँक डायसन याच्या देखरेखीखाली झाले. तत्त्वज्ञाचा प्रश्न वेगळा आहे: निकाल डोळ्यांसमोर असताना काही मोजमापे वगळणे कधी रास्त ठरते? १९७९ मध्ये त्याच प्लेट्स आधुनिक यंत्रावर पुन्हा मोजल्या, तेव्हा वादग्रस्त प्लेट्सचा आकडा आइन्स्टाइनच्या बाजूला सरकला. मग १९१९ चा निर्णय योग्य होता असे म्हणायचे, की तो फक्त सुदैवाने बरोबर निघाला?

इथे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. निर्णय डायसनचा होता आणि त्याला स्वतंत्र तांत्रिक कारण होते असे कागदपत्रांतून दिसले, तर ‘शास्त्रज्ञ आवडत्या सिद्धांतासाठी पुरावा वाकवतात’ या दाव्याचा एक मोठा आधार निखळतो. आपल्या प्रश्नाला हीच कसोटी लावा: इतिहासाचे उत्तर बदलले, तर तत्त्वज्ञानाचे उत्तर हलते का? हलत नसेल तर दोन वेगळे प्रबंध एकाच पुठ्ठ्यात बांधले जात आहेत असे समजा.

असा प्रश्न एकदम सुचत नाही. एखादा कालखंड, एखादे उपकरण, एखादा वाद धरून महिनाभर फक्त मूळ लेखन वाचा. दुय्यम पुस्तके नंतर. मूळ लेखनात जिथे ‘हे असे का केले?’ म्हणून अडायला होते, तिथे पेन्सिलने खूण करत जा. त्या खुणांमध्येच प्रश्न सापडतो.

दुसरी पायरी: मुख्य घर ठरवा

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण या क्षेत्राइतकी दुसरीकडे क्वचितच लागू पडत असेल. एम.ए. संपेपर्यंत ठरवून टाका की नोकरीसाठी तुम्ही इतिहासकार म्हणून उभे राहणार की तत्त्वज्ञ म्हणून. दुसरी बाजू सोडायची नाही, पण हिशेब एका बाजूला द्यायचा.

दोन्हीकडच्या रीती किती वेगळ्या आहेत हे बाहेरून लक्षात येत नाही. इतिहासात प्रबंधाचे पुढे पुस्तक होते आणि कायमस्वरूपी पदासाठी ते पुस्तक बहुतेक ठिकाणी मोजले जाते. तत्त्वज्ञानात पुस्तकाची घाई नसते, तिथे नावाजलेल्या जर्नलमधले दोन-तीन शोधनिबंध जास्त बोलतात. परिणामी प्रबंधाची बांधणीच वेगळी होते. इतिहासाचा प्रबंध सलग कथनासारखा वाढतो, तर तत्त्वज्ञानाच्या प्रबंधाची प्रकरणे सुटी काढून छापता येतील अशी रचतात. परिषदेतही हा फरक दिसतो. इतिहासकार बहुधा लिहून आणलेला निबंध वाचतात, वीस मिनिटांसाठी साधारण अडीच हजार इंग्रजी शब्द. तत्त्वज्ञ युक्तिवादाचा सांगाडा समोर ठेवून बोलतात आणि खरी परीक्षा नंतरच्या प्रश्नोत्तरांत होते. इतिहासकार विचारतील, ‘हे कशावरून?’ तत्त्वज्ञ विचारतील, ‘यावरून ते कसे निघते?’ दोन्ही प्रश्नांची सवय हवी, पण यातला कोणता प्रश्न तुम्हाला स्वतःला जास्त छळतो, हे पाहून घर निवडावे.

तिसरी पायरी: विज्ञान स्वतः शिका

या क्षेत्रात विज्ञानाकडून येणारे पुष्कळ असतात. विज्ञानाचे गाजलेले इतिहासकार-तत्त्वज्ञ थॉमस कून यांची पीएचडी भौतिकशास्त्रातली होती, १९४९ ची, हार्वर्डची. तेव्हा तुमची पदवी विज्ञानाची असेल तर उशीर झाला असे मानू नका. कमी पडते ते लेखन. पाच हजार शब्दांचा एकसंध युक्तिवाद लिहिण्याचा सराव विज्ञान शाखेत होत नाही, तो जाणीवपूर्वक करावा लागतो. अर्ज करण्यापूर्वी असा एक निबंध पूर्ण लिहून या विषयातल्या कुणाकडून तरी निर्दयपणे तपासून घ्या.

कला शाखेकडून येत असाल तर उलटी तयारी करावी लागते. ज्या विज्ञानाबद्दल लिहिणार, त्यातले त्या काळचे शोधनिबंध गणितासकट वाचता येतील इतके ते विज्ञान यायला हवे. पुंज (क्वांटम) यांत्रिकीच्या अर्थावर लिहायचे तर रेषीय बीजगणित टाळता येणार नाही. उत्क्रांतीच्या तत्त्वज्ञानासाठी लोकसंख्या-जनुकशास्त्राची समीकरणे लागतील. त्या विभागात जाऊन पदवीचे एक-दोन वर्ग रीतसर परीक्षा देऊन पूर्ण केलेत, तर अर्जातही ते दिसते. शास्त्रज्ञांशी बोलताना त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळते की समोरच्याला आतले कळते की नाही.

चौथी पायरी: भाषा आणि लिपी

ही पायरी बहुतेक जण शेवटासाठी राखून ठेवतात आणि मग प्रबंधाच्या ऐन मध्यात अडकतात. सतराव्या शतकापर्यंतच्या युरोपीय विज्ञानासाठी लॅटिन लागते, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या भौतिकी-रसायनासाठी जर्मन, मध्ययुगीन खगोल-गणितासाठी अरबी. भारतीय खगोलशास्त्रावर काम करायचे असेल तर संस्कृत, आणि उत्तरकालीन साहित्यासाठी फार्सीही. ज्यांना संस्कृत बऱ्यापैकी येते त्यांच्या हाती अजून अप्रकाशित असलेली कितीतरी हस्तलिखिते आहेत, आणि हे बळ कमी लेखू नये.

छापील भाषा येणे म्हणजे हस्ताक्षर वाचता येणे नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अनेक जर्मन माणसे ‘कुरेंट’ नावाच्या वळणाने लिहीत. त्यात ‘ए’ आणि ‘एन’ ही अक्षरे इतकी सारखी दिसतात की चांगले जर्मन येणारा माणूसही पहिल्या ओळीलाच थांबतो. यावर उपाय साधा आहे. ज्याचा छापील मजकूर उपलब्ध आहे असे एखादे पत्र घ्यायचे, छापील मजकूर झाकून मूळ पत्राची ओळ स्वतः उतरवायची आणि मग ताडून पाहायची. रोज अर्धा तास केले तर काही आठवड्यांत डोळा बसतो. मोडी शिकलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

पाचवी पायरी: मार्गदर्शक, विद्यापीठ, पैसा

विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा, हे सगळेच सांगतात. त्याहून पुढचे पाहावे. त्या व्यक्तीच्या गेल्या दहा वर्षांतल्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले? प्रबंध पूर्ण व्हायला त्यांना किती वर्षे लागली? शिफारसपत्रे वेळेवर जातात का? ही माहिती विभागाच्या पानावर नसते. ती सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारूनच मिळते, आणि ते बहुधा मोकळेपणाने सांगतात.

पहिले पत्र छोटे लिहा. तुमचा प्रश्न चार ओळींत, त्यांच्या कोणत्या लेखनाशी त्याचा नेमका कुठे संबंध येतो ते दोन ओळींत आणि ‘पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का?’ हा सरळ प्रश्न. ‘आपले कार्य अत्यंत प्रेरणादायी आहे’ यासारखी वाक्ये गाळा. त्यांचा एखादा निबंध खरोखर वाचून काढलेली एक शंका त्याहून जास्त लक्षात राहते.

देशानुसार साचा बदलतो. अमेरिकेत पीएचडी पाच ते सात वर्षांची असते, पहिली काही वर्षे वर्ग आणि पात्रता परीक्षा, आणि चांगल्या विभागांत शुल्कमाफीसह विद्यावेतन मिळते, त्याबदल्यात शिकवावे लागते. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षे, वर्ग फारसे नाहीत, त्यामुळे प्रश्न अर्जाच्या वेळीच तयार लागतो, आणि प्रवेश मिळाला म्हणजे पैसा मिळाला असे होत नाही. युरोपात अनेक जागा एखाद्या प्रकल्पाच्या असतात. तिथे पगार असतो, पण विषय बराचसा आधीच ठरलेला. एका बाबतीत मी ठाम आहे. मानव्यविद्येतली पीएचडी कर्ज काढून करू नये. पुढची नोकरी अनिश्चित असताना ते कर्ज प्रत्येक निर्णयावर बसून राहते. निधी नसलेल्या जागेपेक्षा वर्षभर थांबून पुन्हा अर्ज केलेला बरा.

सहावी पायरी: कागदपत्रांतले काम

अभिलेखागारात जाण्याआधी जे घरबसल्या मिळते ते संपवा. डार्विनचा पत्रव्यवहार संपादित करणारा प्रकल्प केंब्रिजमध्ये १९७४ मध्ये सुरू झाला. पंधरा हजारांच्या आसपास पत्रे आज मोफत वाचता येतात. न्यूटनची हस्तलिखिते, आइन्स्टाइनचे संपादित खंड, लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या १६६५ पासून निघणाऱ्या नियतकालिकाचे जुने अंक हेही ऑनलाइन आहेत. हे चाळल्यावर ‘मला अजून काय हवे आहे?’ याची यादी नेमकी होते, आणि मगच प्रवासाचा खर्च सार्थकी लागतो.

फक्त गाजलेल्या माणसांच्या पत्रांमागे लागू नका. छापण्याआधी शोधनिबंध तपासणाऱ्या समीक्षकांचे अहवाल, उपकरणे बनवणाऱ्यांची बिले, प्रयोगशाळेच्या वह्या, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, यांतून रोजचे विज्ञान दिसते. रॉयल सोसायटीने १८३२ पासूनचे समीक्षकांचे अहवाल जपून ठेवले आहेत. त्या काळी एखाद्या दाव्यासाठी किती पुरावा पुरेसा मानत, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न त्या अहवालांच्या मदतीने इतिहासाच्या हत्यारांनी सोडवता येतो.

प्रत्यक्ष काम करताना एक शिस्त कायम पाळा. प्रत्येक फोटोच्या आधी पेटीचा, फोल्डरचा आणि पानाचा क्रमांक असलेल्या चिठ्ठीचा फोटो घ्या. संध्याकाळी त्या दिवसाचे फोटो क्रमांकानुसार फोल्डरमध्ये टाका आणि तीन-चार वाक्यांत लिहून ठेवा: काय सापडले, काय सापडायला हवे होते पण नव्हते. दुसरी नोंद जास्त मोलाची. दोन वर्षांनी तळटीप लिहिताना ‘हे पत्र कुठल्या पेटीत होते?’ म्हणून परत जाणे परवडत नाही. छापण्याची परवानगी कुणाकडे मागायची हेही तिथल्या ग्रंथपालांना जागेवरच विचारून घ्या. त्यांच्याशी बोला, त्यांना यादीत नसलेले बरेच ठाऊक असते.

विसाव्या शतकावर काम असेल तर माणसे जिवंत असेतो त्यांच्याशी बोलणे हेही कागदपत्रांइतकेच निकडीचे आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कून आणि सहकाऱ्यांनी पुंज भौतिकीच्या जनकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. नील्स बोर यांची शेवटची मुलाखत १७ नोव्हेंबर १९६२ ला झाली. दुसऱ्या दिवशी ते गेले. मुलाखतीपूर्वी संस्थेची नैतिक परवानगी आणि लेखी संमतिपत्र आवश्यक. आणि स्मरण म्हणजे पुरावा नव्हे, हे विसरू नका: पन्नास वर्षांनी सांगितलेली तारीख पत्रांशी ताडून पाहावीच लागते.

सातवी पायरी: छापणे आणि दिसणे

जॉर्ज सार्टन यांनी सुरू केलेले ‘आयसिस’, ज्याचा पहिला अंक १९१३ चा, हे इतिहासाकडचे महत्त्वाचे जर्नल. तत्त्वज्ञानाकडे १९३४ पासूनचे ‘फिलॉसॉफी ऑफ सायन्स’ आणि १९५० पासूनचे विज्ञान-तत्त्वज्ञानाचे ब्रिटिश जर्नल. दोन्ही बाजू घेणारे ‘स्टडीज इन हिस्टरी अँड फिलॉसॉफी ऑफ सायन्स’. निबंध पाठवण्यापूर्वी त्या जर्नलचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळा आणि तुमचा निबंध तिथे कोणत्या चालू चर्चेत भर घालतो हे पहिल्या दोन परिच्छेदांत लिहा. नकार येणारच, ते नेहमीचे आहे. समीक्षकांचे म्हणणे आठवडाभर बाजूला ठेवा, मग मुद्देनिहाय यादी करा, पटलेले दुरुस्त करा आणि महिनाभरात पुढच्या जर्नलकडे पाठवा. वर्षभर खणात पडलेला निबंध कुणाच्याच उपयोगाचा नाही.

तत्त्वज्ञानाकडचे लोक आपले मसुदे पिट्सबर्गच्या मोफत प्रीप्रिंट-संग्रहात ठेवतात. तुम्हीही ठेवा. परिषदांपैकी हिस्टरी ऑफ सायन्स सोसायटीची दरवर्षी, फिलॉसॉफी ऑफ सायन्स असोसिएशनची वर्षाआड भरते. पण सुरुवातीला छोट्या कार्यशाळा जास्त उपयोगी. तिथे पंधरा माणसे तुमचा निबंध आधी वाचून येतात.

आठवी पायरी: पोस्टडॉक, अर्ज, आणि मर्यादेची तारीख

पीएचडीनंतर लगेच कायमस्वरूपी पद मिळणे दुर्मीळ. मध्ये एक ते तीन वर्षांच्या पोस्टडॉक जागा येतात, अनेकदा दोन-तीन, अनेकदा वेगवेगळ्या देशांत. बर्लिनची माक्स प्लांक संस्था, पिट्सबर्गचे विज्ञान-तत्त्वज्ञान केंद्र, फिलाडेल्फियाची सायन्स हिस्टरी इन्स्टिट्यूट अशा ठिकाणी फेलोशिप असतात. युरोपीय संघाची मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप पीएचडीनंतर ठरावीक वर्षांतच मागता येते, म्हणून घड्याळ कधी सुरू झाले ते लक्षात ठेवा.

अर्जाच्या जुडग्यात सगळ्यात दुबळा भाग बहुधा अध्यापनाचा असतो. ‘मला शिकवायला आवडते’ असे लिहिण्याऐवजी तीन अभ्यासक्रमांचे आराखडे तयार ठेवा: विभागाला दरवर्षी लागणारा एक पायाभूत, विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी एक, आणि तुमच्या संशोधनाचा एक. इतिहास विभागात अर्ज करताना पायाभूत म्हणजे आधुनिक जगाचा इतिहास, तत्त्वज्ञान विभागात तर्कशास्त्र किंवा ज्ञानमीमांसा. मुलाखतीत हा प्रश्न येतोच, आणि ‘हो, हे मी पुढच्याच सत्रात शिकवू शकतो’ असे आराखडा पुढे ठेवून सांगणारा उमेदवार समितीची एक मोठी काळजी मिटवतो. शिफारसपत्रे देणाऱ्या तिघांपैकी एक तरी तुमच्या मुख्य घरातला नामांकित माणूस असावा.

आणि पीएचडी सुरू करतानाच घरच्यांशी बोलून एक तारीख ठरवा: प्रबंधानंतर किती वर्षे तात्पुरत्या जागांवर काढायची. ती लिहून ठेवा. ऐन धावपळीत हा निर्णय नीट घेता येत नाही. दरम्यान बाहेरचे दरवाजे उघडे ठेवा. संग्रहालयातला अभिरक्षक, अभिलेखागारातला संपादक, विज्ञान धोरणाचा विश्लेषक, संशोधन-नैतिकता समितीचा सदस्य-सचिव, विज्ञान नियतकालिकाचा संपादक, या सगळ्या कामांना नेमके हेच प्रशिक्षण लागते. पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तीन महिने संग्रहालयात वस्तूंच्या नोंदी करण्याचे काम मिळाले तर जरूर घ्या. एखादे जुने उपकरण हातात घेऊन, त्याचे स्क्रू कुठे झिजलेत ते पाहून लिहिलेले प्रकरण प्रबंधातही उठून दिसते आणि अर्जातही.